पऱ्हाटीच्या गावात ईईजी : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

ईईजीसाठी, म्हणजे माणसाचं लक्ष कुठं आहे ते टाळूवरून टिपलेल्या मेंदूच्या लहरींत पाहायला, खोली मिळाली. देवळी तालुक्यातल्या या गावात समाजमंदिर सगळ्यात प्रशस्त, पण त्याच्या भिंतीपासून दहा पावलांवर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. शेवटी एका काकांनी घरामागची कापूस ठेवायची खोली दिली. जाड मातीच्या भिंती, एकच खिडकी, वीज फक्त एका बल्बापुरती. अट एवढीच, की घरात कापूस यायला लागला की आपला पसारा आवरता घ्यायचा.

विजेपासून इतकं लांब पळायचं कारण साधं आहे. टाळूवर मिळणारा मेंदूचा सिग्नल १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचा लाखावा हिस्सा म्हणजे १५ मायक्रोव्होल्ट. आपल्याला हवं ते साधारण तेवढंच. भिंतीतल्या वायरीत मात्र २३० व्होल्ट, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारे, आणि माणसाचं अंग म्हणजे आयता अँटेना. म्हणून मशीन बॅटरीवर, लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर खोलीच्या बाहेर. मशीन आठ चॅनलचं, सेकंदाला २५० नमुने घेणारं, २४ बिटांचं. हॉस्पिटलातल्या यंत्रापुढं ते खेळणं वाटतं, पण आपल्या प्रश्नापुरतं पुरेसं आहे.

काकांच्या मुलानं मोठ्या हौसेनं घरातला इन्व्हर्टर आणून दिला. तो लावून पाहिला. साध्या विजेत आलेखावर ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळांची, एक सरळ काडी दिसते, ती गाळता येते. या इन्व्हर्टरवर तिच्या पटीतल्या काड्यांचं कुंपणच उभं राहिलं. मुलाचं मन राखून इन्व्हर्टर परत घरात.

८ नोव्हेंबर

संमतीपत्रं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून मराठीत मसुदा केला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो पूर्ण वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा आणि सोबत प्रकल्पाशी संबंध नसलेला साक्षीदार. साक्षीदार म्हणून अंगणवाडीच्या ताई तयार झाल्या.

पारावर बातमी आधीच पोचली होती : मनातलं वाचायचं मशीन आलं. एका मामांनी गंभीरपणे विचारलं, "माह्या मोटारीची केबल कोनं नेली, थे सांगन का हे?" सांगणार नाही, मामा. आठ तारांमधून विचार वाचता येत नाहीत. डोळे मिटलेत की उघडे, माणूस जागा की पेंगतोय, लक्ष साधारण डावीकडं की उजवीकडं, एवढंच दिसलं तरी आमचं भागलं. आणि चोर पकडायला असली यंत्रं माणसाच्या मर्जीविरुद्ध वापरायला सर्वोच्च न्यायालयानंच २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात मनाई केली आहे. त्यात नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूची चाचणी असं तिन्ही आलं. मामांना हे पटलं नाही, पण त्यांनी नाव नोंदवलं.

१३ नोव्हेंबर

नेमकं काय मोजायचं ते विद्यार्थ्यांसाठी एकदा लिहून ठेवतो.

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं १९२४ मध्ये येना इथं माणसाच्या टाळूवरून पहिल्यांदा मेंदूच्या लहरी टिपल्या आणि पाच वर्षांनी, १९२९ मध्ये छापल्या. त्याला दिसलेली सगळ्यात ठळक लय सेकंदाला ८ ते १३ वेळा हेलकावणारी. तिला त्यानं अल्फा म्हटलं. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात ती फुगते, उघडले की दबते. लोकांनी फारसा विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच करून दाखवलं, तेव्हा कुठं बर्गरचं नाव झालं.

अल्फा म्हणजे मेंदू निवांत, असं बरीच वर्षं मानलं गेलं. आता चित्र वेगळं आहे. नजर मध्यावर ठेवून लक्ष फक्त डावीकडं नेलं, तर उजव्या मागच्या भागातला अल्फा खाली येतो, कारण डाव्या बाजूचं दृश्य उजव्या गोलार्धात जातं. जिकडं लक्ष नाही तिकडचं दृश्य सांभाळणाऱ्या गोलार्धात तो तुलनेनं चढा राहतो, जणू तिकडची आवक कमी केली आहे. महत्त्वाचं हे, की समोर काही दिसायच्या आधीच, नुसती वाट पाहतानाच हे घडतं. वर्डेन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ते नीट दाखवलं.

आमचा प्रश्न त्याहून लहान. हीच गोष्ट प्रयोगशाळेबाहेर, स्वस्त मशीनवर, ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरसमोर बसून बटण दाबलेलं नाही अशा माणसांमध्ये दिसते का? सहभागी म्हणून कापूस वेचणाऱ्या बाया आणि काही शेतकरी.

१९ नोव्हेंबर

आजचा दिवस तेलाचा.

इलेक्ट्रोड (टाळूवर चिकटवायची धातूची छोटी वाटी) आणि कातडी यांच्यामधला विजेचा अडथळा १० किलोओमच्या खाली हवा. काकूंच्या डोक्यावर तो काही केल्या उतरेना. खोबरेल तेल, त्यावर शेतातली धूळ. दाणेदार जेलनं घासून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. "डोकं धुऊन, तेल न लावता या" असं सांगणं सोपं होतं, पण कोरडे मोकळे केस सोडून भर गावातून चालत यायला कोणतीच बाई तयार होईना, आणि का व्हावं? मग उलट केलं. काकांच्या अंगणात चुलीवर पाणी तापवलं, शाम्पूच्या पुड्या आणल्या, डोकं इथंच धुवायचं. प्रयोग संपला की कोमट पाण्यानं पेस्ट काढायची आणि आमच्या वर्गातल्या मुलींनी तेल लावून वेणी घालून द्यायची. ही व्यवस्था इतकी आवडली की आज दोघी जणी "मले फक्त डोकं धुवाचं हाय" म्हणून आल्या.

मग टेप. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते म्हणून नवी घेतली. नाकाच्या मुळाशी जी खाच असते तिथून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं आणि त्याच्या दहा नि वीस टक्क्यांवर खुणा करायच्या. हर्बर्ट जॅस्परनं १९५८ मध्ये घालून दिलेली ही टेन-ट्वेंटी पद्धत. आजींचं माप ३४ सेंटिमीटर. म्हणजे मागच्या उंचवट्यापासून ३.४ सेंटिमीटर वर मधली खूण आणि तिच्या दोन्ही अंगांना ओ१ नि ओ२. उंचवटा नेमका अंबाड्याखाली. बोटांनी चाचपून सापडतो, पण घाई केली तर मानेचा स्नायूच उंचवटा वाटतो आणि सगळ्या खुणा खाली सरकतात. कंगव्याच्या शेपटीनं भांग पाडायचा, पेस्टचा हरभऱ्याएवढा गोळा, त्यात वाटीसारखा इलेक्ट्रोड, वर कापसाचा बोळा. कापसाची टंचाई नाही.

सगळं बसल्यावर आजींना डोळे मिटायला सांगितलं. पडद्यावरच्या रेषा क्षणभर तशाच किरकिरत राहिल्या आणि मग ओ१, ओ२ एकदम भरून आले : गोल, सारख्या, सेकंदाला नऊ-दहा लाटा. "आजी, उघडा." सपाट. "मिटा." पुन्हा लाटा. दारात उभ्या नातवानं हा खेळ आजीकडून इतक्या वेळा करून घेतला की शेवटी त्या म्हणाल्या, "अरे पुरे कर आता, डोळे हाय का दरवाजा?"

२५ नोव्हेंबर

वेळेचं गणित. पडद्यावर ठिपका कधी आला हे लॅपटॉप सांगतो, पण ते "सांगणं" आणि खरोखर उजेड पडणं यात तफावत असते. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे एकेक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, वर वायरलेस डोंगलचा उशीर, तोही दर वेळी वेगळा. डोळ्यांपासून मेंदूच्या मागच्या भागात उमटणारी पहिली ठळक लाट, पी१, उजेडानंतर साधारण १०० मिलिसेकंदांनी येते. तिथं वीस-तीसचा डगमगाट चालणार नाही. उपाय जुनाच : ठिपक्यासोबत पडद्याच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन चमकवायचा, त्यावर काळ्या चिकटपट्टीनं फोटोडायोड (उजेड पडताच सिग्नल देणारा सुटा भाग) डकवायचा आणि त्याची तार मशीनच्या मोकळ्या इनपुटला. नागपूरच्या सीताबर्डीहून आणलेला फोटोडायोड काही रुपयांचा, पण त्याच्याशिवाय बाकी सगळं फुकट.

२९ नोव्हेंबर

बाण चालत नाही.

मायकेल पोस्नरच्या १९८० च्या लेखापासून लक्षाच्या प्रयोगांत मधोमध बाण दाखवायची रीत आहे : बाण डावीकडं, लक्ष डावीकडं. कॉलेजच्या पोरांना समजावायची गरज पडत नाही. साठी उलटलेल्या काकूंनी बाणाकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे चिमनीचं पाऊल काढलं का?" सांगितल्यावर त्यांना कळलं, अर्थातच. पण कळणं वेगळं आणि पाव सेकंदात आपोआप उमगणं वेगळं. त्यांना दर वेळी बाण आधी "वाचावा" लागत होता, आणि त्या वाचण्याचीच लहर आम्ही लक्षाची म्हणून मोजली असती.

एका विद्यार्थ्यानं सुचवलं : जुन्या मोबाइलमधल्या थरथरणाऱ्या मोटारी मनगटांना बांधू, जो हात थरथरेल तिकडं लक्ष. कल्पना छान, सगळ्यांना आवडली. नागपूरच्या मार्गदर्शक मॅडमनी फोनवर एका वाक्यात मोडीत काढली. हाताला स्पर्श झाला की विरुद्ध बाजूच्या गोलार्धातल्या स्पर्शाच्या भागात म्यू नावाची लय दबते, आणि तिचा वेग अल्फाएवढाच, ८ ते १३. कवटीवरून ती मागच्या इलेक्ट्रोडपर्यंत झिरपते. पाहायचं असेल डोळ्यांचं लक्ष आणि दिसेल मनगटाची थरथर.

मग आवाज. गावातल्याच एका मुलीकडून "डावीकडं" आणि "उजवीकडं" असे दोन शब्द रेकॉर्ड केले, दोन्ही कानांत सारख्याच पातळीवर. "डा" आणि "उ" कानाला वेगळे आहेतच, म्हणून शब्द संपल्यानंतरचाच तुकडा मोजायचा. ठिपका दिसला की दाबायच्या बटणाऐवजी दारावरच्या बेलचा स्विच. कीबोर्डपेक्षा तो सगळ्यांच्या ओळखीचा.

४ डिसेंबर

सगळ्यात अवघड भाग : डोळे मधल्या फुलीवर, लक्ष मात्र बाजूला. ऐकायला सोपं, पण "डावीकडं" ऐकलं की डोळा आपसूक डावीकडं जातो. डोळ्यांच्या दोन्ही कडांना इलेक्ट्रोड लावले आहेत. नजर एक अंश जरी सरकली तरी तिथं साधारण १६ मायक्रोव्होल्टची पायरी दिसते, म्हणजे चोरी लगेच कळते. पहिल्या काही जणींच्या जवळपास सगळ्या फेऱ्या (एक शब्द आणि त्यानंतरचा ठिपका म्हणजे एक फेरी) अशा पायऱ्यांनी भरलेल्या. आम्ही समजावून थकलो.

केबलवाल्या मामांना मात्र हे पहिल्याच झटक्यात जमलं. त्यांची रात्रीची जागल असते, हरभऱ्यात रानडुकरं घुसतात. ते म्हणाले, "टार्च अन् डोया एकीकडं ठेवा लागते सर, ध्यान दुसरीकडं. तिकडं पाह्यलं का थे पयते." त्यांना खोलीत बसवून घेतलं. बाकीच्यांना तेच सांगतात, त्यांच्या भाषेत, आणि पायऱ्या खरोखर कमी झाल्या. आमचं छापील सूचनापत्रक आता बाजूला.

१० डिसेंबर

लुकलुकणारे चौकोन वापरायचे नाहीत, हे ठरलं.

मोह होता. डावीकडं एक चौकोन सेकंदाला १२ वेळा, उजवीकडं दुसरा १५ वेळा चमकवला तर मेंदूचा मागचा भाग दोन्ही तालांत डोलतो, आणि ज्याच्याकडं लक्ष त्याचा ताल मोठा होतो. मॉर्गन, हॅन्सन आणि हिलयार्ड यांनी १९९६ मध्ये याच तत्त्वावर काम केलं. सिग्नल दणदणीत मिळतो, स्वस्त मशीनला तर वरदानच. पण काही जणांना अशा लुकलुकीनं फेफरं येऊ शकतं, आणि सेकंदाला १५ ते २५ चा पट्टा त्यात सर्वांत वाईट. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे १२ वेळा लखलखला आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. इथून सेवाग्रामचं हॉस्पिटल गाडीनं लांब नाही, हे खरं. पण फेफऱ्याचा इतिहास विचारला की घरची माणसं "नाही नाही" म्हणतात, कारण लग्नं मोडतात. त्या उत्तरावर विसंबून कोणाला लुकलुकीपुढं बसवणार नाही. साधे ठिपके, वेळ जास्त लागला तरी चालेल.

११ डिसेंबर

मशीनची बॅटरी बदलली. बाकी काही नाही.

१७ डिसेंबर

विद्यार्थ्यांचा हट्ट : करड्या ठिपक्यांऐवजी कापसाच्या बोंडांचे फोटो दाखवू. पांढरं स्वच्छ बोंड दिसलं की बटण, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) दिसली की नाही. वेचणाऱ्या बाईची नजर त्यातच तयार झालेली. पत्ती न लागू देता, कवडी बाजूला ठेवत दोन्ही हात चालतात आणि तोंडानं गप्पाही. हट्ट मला मनापासून आवडला आणि तरीही मुख्य प्रयोगात नाकारला. पांढरं बोंड कवडीपेक्षा उजळ. नुसत्या उजेडाच्या फरकानं पी१ लहान-मोठी होते. मग वाढलेली लाट लक्षाची की पांढऱ्या रंगाची, हे कोण सांगणार? फोटोंची उजळता सारखी केली तर कवडी आणि बोंड दोन्ही राखाडी होतात आणि काकू म्हणतात, "हा कोनत्या देशातला कापूस?" शेवटी बोंडांचा खेळ शेवटी, वेगळा, त्याचं मोजमाप मुख्य निकालात धरायचं नाही. लोक त्यासाठीच थांबतात, हेही खरं.

२३ डिसेंबर

खोली भरली. भाव पडलेला, काका विकायला तयार नाहीत, म्हणून कापूस आमच्या टेबलाच्या पायापर्यंत आला आहे. ध्वनीच्या दृष्टीनं उत्तम : खोली स्टुडिओसारखी बंद झाली, बाहेरचा ट्रॅक्टर ऐकू येत नाही. पण कोरडी थंडी आणि नायलॉनची साडी. उठता-बसता स्थिर विजेची ठिणगी, रेषा छताला. खुर्चीवर सुती चादर आणि पायाखाली ओलं पोतं टाकल्यावर थांबलं. येत्या आठवड्यात शाळेत जायचं.

५ जानेवारी

झोप.

संध्याकाळची सत्रं बाद करतोय. दिवसभर वाकून वेचणी करून आलेली बाई मऊ खुर्चीत, अर्धअंधारात, एका फुलीकडं बघत बसली की काय होणार? आधी अल्फा पसरतो, मग विरतो आणि त्याच्या जागी ४ ते ७ हर्ट्झच्या संथ लाटा येतात. म्हणजे पेंग. त्यातून लक्षाबद्दल काहीही काढलं तरी ते पेंगेबद्दलच असेल. सकाळी बोलवावं तर वेचणीची मजुरी बुडते, आणि मजुरी किलोवर. तेवढ्या वेळात जेवढा कापूस वेचला गेला असता तेवढेच पैसे द्यायचे ठरवलं. त्याहून जास्त दिले तर लोक मनाविरुद्धही पैशासाठी येतील, आणि संमतीला अर्थ राहणार नाही. वेचणीचा दर बायांनीच आपसात ठरवून सांगितला. आम्ही घासाघीस केली नाही.

१८ जानेवारी

पुरेशा सकाळच्या नोंदी जमल्या म्हणून पहिली सरासरी काढली. एका फेरीत पी१ दिसत नाही, गोंगाटात बुडालेली असते. शंभर फेऱ्या एकावर एक ठेवल्या की गोंगाट दहाव्या हिश्शावर येतो आणि ती वर निघते. गोंगाट निम्मा करायचा तर फेऱ्या चौपट, हा हिशोब कुणालाच चुकत नाही. आधी डोळे सरकलेल्या फेऱ्या काढल्या, मग डोळे मिचकावलेल्या. उरल्या त्यांतून अल्फा.

जागलीच्या मामांचं चित्र पुस्तकात छापावं असं. "डावीकडं" संपल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत उजव्या बाजूचा पीओ८ (ओ२ च्या बाहेरच्या अंगाचा इलेक्ट्रोड) खाली, डावा पीओ७ वर; "उजवीकडं" वर बरोबर उलटं. काही जणींमध्ये हेच, फिकट. काहींमध्ये काहीच नाही. एका ताईंना तर डोळे मिटल्यावरही अल्फा जवळपास दिसत नाही. असे लोक असतात, त्यांच्यात दोष काही नसतो. पण आमच्या मोजमापात त्या बसत नाहीत. ओ१ आणि ओ२ मध्ये फरक अंधूक, कारण ते मधल्या रेषेच्या फार जवळ. बाजूचे पीओ७ आणि पीओ८ जास्त बोलके.

२७ जानेवारी

तालुक्याच्या वार्ताहरांचा फोन. मथळा त्यांच्याकडं तयार : "कापूस वेचणाऱ्या महिलांचा मेंदू शहरी तरुणांपेक्षा तल्लख". असं काही आम्ही मोजलेलं नाही. वेचणाऱ्या आणि न वेचणाऱ्या यांची तुलना करायची तर वय, नजर, झोप, शिक्षण सगळं जुळवावं लागेल. आमच्या काही काकूंना मोतीबिंदूची सुरुवात आहे, हे आम्हाला इंग्रजी "ई" वेगवेगळ्या दिशांना फिरवलेल्या तक्त्यावर कळलं, ईईजीवर नाही. त्यांना डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. वार्ताहरांना म्हटलं, हे छापा. त्यांनी छापलं नाही.

८ फेब्रुवारी

नावं काढून, फक्त सांकेतिक क्रमांक ठेवून सगळ्या फाइली मॅडमकडं पाठवल्या. कोणाची बाजू कोणती हे लपवून त्या पुन्हा विश्लेषण करतील. मामांच्या सुंदर चित्रावर आमचा जीव जडला आहे, म्हणून तर ते दुसऱ्यानं तपासायला हवं. मॅडमचा पहिला प्रश्न आला : मामांच्या फेऱ्यांत नजर एका अंशाच्या आत, पण सतत एकाच बाजूला किंचित झुकलेली नव्हती ना? डोळ्यांच्या तारांची सरासरी दोन्ही बाजूंसाठी वेगळी काढून पाठवायची आहे. ज्यांनी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभीच ठेवली, त्यांची वेचणी अजून चालू आहे, त्या बायांची सकाळची सत्रं मार्चपर्यंत चालतील. उन्हाळ्यात थांबायचं : घामानं रेषा हळूहळू वाहत जातात, आणि कूलर लावला तर त्याची मोटार.